अक्काच्या पायावर भार नको

गुरुत्वाकर्षणाशी उभा दावा मांडलेला माणूस सबंध खानदेशात एकच निघाला, आणि तो माझ्याच वाट्याला साडू म्हणून आला. बाकीच्यांचे साडू मानपानावरून भांडतात, सासऱ्याच्या शेतावरून भांडतात. आमचे साडू पृथ्वीशी भांडतात. तिनं सगळ्यांना खाली ओढून धरलंय, पायाच्या शिरा फुगतात त्या तिच्यामुळे, माणूस संध्याकाळी सकाळपेक्षा अर्धा बोट बुटका होतो तो तिच्यामुळे, आणि तरी आपण तिला माय म्हणतो, हे त्यांचं कायमचं दुःख. तीस वर्षं त्यांनी पारोळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. घर मात्र बोरी नदीकाठच्या गावात, कारण तिथे त्यांची थोरली बहीण अक्का राहते आणि अक्का गाव सोडत नाही. अक्का म्हणजे लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली, आई गेल्यावर या धाकट्या भावाला वाढवलेली, आणि पृथ्वीला न घाबरणारा हा माणूस जिला घाबरतो अशी एकमेव व्यक्ती. माझं जळगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेलं काहीही आणा, तार नवी गुंडाळून देतो. माझा नि विज्ञानाचा संबंध एवढाच, पण या गृहस्थांनी मला त्यात कमरेएवढा बुडवला.

त्यांची पहिली सवय म्हणजे दिसेल त्याचं नख दाबणं. अंगठ्याचं नख दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी होतं, आणि तो रंग दोन सेकंदांच्या आत परत आला नाही तर त्या माणसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत काहीतरी गडबड आहे, असं त्यांचं म्हणणं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचं दाबतील, एसटीच्या कंडक्टरचं तिकीट घेता घेता दाबतील. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा मी त्यांना सकाळीच हात जोडून सांगितलं होतं, की सर, आज गप्प बसा. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या मामानं पत्रिकेचा विषय काढला, आणि यांनी शांतपणे उठून नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला. मुलाला वाटलं ज्योतिष बघताहेत, म्हणून त्यानं तळवा वर केला. यांनी तो उलटा करून नख दाबलं, घड्याळात बघितलं आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "साडूभाऊ, पत्रिका राहू द्या. रक्त बोटापर्यंत नीट पोहोचतंय. मुलगा चांगला आहे." मी कपाळाला हात लावला. लग्न जमलं, संसार नीट चालला आहे, आणि त्याचं सगळं श्रेय आजतागायत ते त्या नखाला देतात.

दुसरी सवय जेवणानंतरची. कुणाच्याही घरी, कुठल्याही कार्यात, जेवण झालं की हे भिंत शोधणार, जमिनीवर आडवे होणार आणि दोन्ही पाय भिंतीला लावून वर करणार. आमच्या वास्तुशांतीला भर मांडवात झोपले. येणारी-जाणारी बाई पदर सावरून वळसा घालून जातेय, आणि हे खालून तिला विचारताहेत, "वहिनी, माझा चेहरा सुजल्यासारखा दिसतो का?" का, तर अंतराळात गेलेल्या माणसांचं म्हणे तसं होतं. तिथे वजन नाही, त्यामुळे पायाकडचं रक्त डोक्याकडे सरकतं, तोंड फुगतं आणि पाय कोंबडीसारखे बारीक होतात. आपल्याला तिकडे कुणी नेणार नाही हे यांना ठाऊक आहे, म्हणून जेवढं अंतराळ भिंतीवर मिळतं तेवढं घेतात. माझी बायको त्यांची सख्खी मेहुणी, पण तिनंसुद्धा त्या दिवशी सांगितलं, की पुढच्या कार्याला भाऊजींना पंगतीच्या शेवटी बसवा, म्हणजे बघायला लोक कमी राहतील.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, तोवर एके दिवशी ते दुकानात आले आणि म्हणाले, "मला मिनिटाला दोनच फेरे घेणारी मोटर पाहिजे. आणि ती दहा दिवस थांबता कामा नये." मी म्हटलं, "सर, लोक माझ्याकडे मोटर जोरात फिरत नाही म्हणून येतात." मग त्यांनी माझ्याच बाकावर मांडी घातली आणि समजावलं. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. या पेशी फार जाणत्या. रक्त किती जोरात वाहतंय, वजन कुठल्या बाजूला पडतंय, सगळं त्यांना कळतं, आणि नवी रक्तवाहिनी फुटायची झाली तर ती याच पेशींतून फुटते. आता त्यांचं वजनच काढून घेतलं तर? शास्त्रज्ञांनी काचेच्या बशीत पेशी वाढवून करून पाहिलंय म्हणे, आणि गंमत अशी की सगळ्या पेशी सारख्या वागत नाहीत. मोठ्या वाहिन्यांतल्या पेशी पुष्कळदा जोमानं वाढतात, बारीक वाहिन्यांतल्या हिरमुसून बसतात, आणि काही तर बशीचा तळ सोडून आपल्या आपण एकमेकींना धरतात आणि नळ्या बांधतात. "तळ सोडून, साडूभाऊ! कुणी न सांगता!" हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आता गावात बसून वजन कुठून काढायचं? तर वस्तू आडव्या दांड्यावर हळू फिरवत ठेवायची. वजन जात नाही, पण खाली कुठलं नि वर कुठलं हे पेशीला कळेनासं होतं. मी त्यांना ट्रकच्या वायपरची मोटर गिअर बदलून दिली, बॅटरीवर चालणारी, म्हणजे लाईट गेली तरी फिरत राहील. पैसे घेतले नाहीत, आणि तिथेच फसलो, कारण फुकट दिलेल्या मोटरची जबाबदारी जन्मभर राहते.

फिरवायचं काय, तर अंडी. कोंबडीच्या पिल्लाच्या रक्तवाहिन्या अंड्यात उगवताना डोळ्यांनी दिसतात, म्हणून. पण त्याला फळलेलं अंडं लागतं, दुकानातलं चालत नाही. मग हे निवृत्त प्राध्यापक, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, गावात दारोदार जाऊन विचारत, "तुमच्याकडे कोंबडा आहे का?" पहिला प्रयोग त्यांनी मे महिन्यात लावला. अंडी उबवायला साडेसदतीस अंश लागतात, आणि जगात त्यासाठी पेटीला बल्ब लावतात. आमच्याकडे मे महिन्यात पेटीला कूलर लावावा लागतो. कूलरचं पाणी एका दुपारी संपलं आणि रक्तवाहिन्यांऐवजी उकडलेली अंडी निघाली. दुसऱ्या वेळी मांजर. तिसऱ्या वेळी दांड्याचा नट सैल. प्रत्येक वेळी मी म्हणे, झालं, सुटलो, आणि प्रत्येक वेळी आठवड्यानं त्यांचा फोन, "साडूभाऊ, पुन्हा लावू."

हे असंच हौसेत चाललं असतं. पण पावसाळ्याच्या तोंडाला अक्काच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार जुना, पायाला बधिरपणा, त्यामुळे काटा रुतलेला तिला कळलाच नाही. जळगावच्या डॉक्टरांनी एक बोट काढलं आणि तळव्याची जखम दाखवून सरळ सांगितलं, की इथे रक्त पोहोचत नाही. दोन महिने वाट बघू. नव्या बारीक वाहिन्या फुटल्या, जखम भरायला लागली तर ठीक, नाहीतर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. औषधं देतो, पण मुख्य पथ्य एकच, या पायावर भार नको. शरीराचं वजन पडलं की आलेलं सगळं चिरडून जातं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना साडू म्हणाले, "आयुष्यभर ज्याच्यामागे लागलो ना, तेच औषध निघालं बघा. वजन काढा म्हणतात."

आणि त्यांनी ते काढलं. अक्काला त्यांनी घरातल्या घरात अंतराळात नेली असं म्हणा. ऑफिसातल्या चाकाच्या खुर्चीला पाय ठेवायची फळी ठोकली. मोरीत बसायला स्टूल केलं. माजघराच्या कडीला कापसाच्या पोत्याचा झोळ टांगला आणि तिचा पाय त्यात लोंबता ठेवला, म्हणजे बसल्या बसल्याही तळव्याला काही टेकायला नको. पहाटे उठून जखम स्वतः धुवायचे, पट्टी बांधायचे, आणि रोज तिच्या उरलेल्या चार बोटांची नखं दाबून घड्याळ बघायचे. अक्का चिडायची. जन्मभर घराचा भार डोक्यावर वाहिलेली बाई, तिला बसून राहणं म्हणजे शिक्षाच. "भाऊ, तू माले पाळणामा टाकी दिधं," म्हणायची. त्यात तिची एकच घाई, श्रावणात कानबाई येणार. आमच्याकडे कानबाई म्हणजे घरोघरची देवी. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नारळाची कानबाई मांडतात, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. अक्का दरवर्षी तिच्यामागे पायी चालत नदीपर्यंत जायची. यंदाही जाणार, असं ती देवीला बोलून बसली होती.

साडूंनी त्याच महिन्यात प्रयोग पुन्हा लावला. मी रागावलो. म्हटलं, "सर, घरात हे असं, आणि तुम्ही अंडी काय फिरवताय?" तर म्हणाले, "यानं अक्काचा पाय बरा होणार नाही, एवढं मला कळतं. पण तिच्या पायात काय चाललंय ते मला दिसत नाही हो. अंड्यात दिसतं. रोज एक फांदी फुटलेली बघितली की दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायचा धीर येतो." बारा अंडी यंत्रावर फिरत होती, बारा शेजारी नुसती ठेवलेली, आणि नंतर दोन्हींतल्या वाहिन्या ताडून बघायच्या. कुठलं अंडं कुठलं ते कळावं म्हणून पेन्सिलीनं खूण, फिरणाऱ्यावर फुली, बसलेल्यावर गोल. अंडी म्हणजे श्रावणात घरात नकोच, म्हणून अक्कानं त्यांना परसातली कापसाची खोली दिली होती, तीसुद्धा देवघराकडे पाठ करून.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मोटरचे कार्बन ब्रश झिजून ती थांबली. हे महाराज मोटर पिशवीत घालून मोटरसायकलवर जळगावला माझ्या दुकानात हजर. "तोवर फिरवतंय कोण?" मी विचारलं. तर माझ्या मेहुणीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, हातानं दांडा फिरवायला बसवून आले होते, मिनिटाला दोन फेरे, समोर घड्याळ ठेवून. मी ब्रश बदलले, दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्यामागे बसून निघालो, कारण मोटर बसवताना ते हमखास तारा उलट्या जोडतात. इकडे मेहुणीला स्वयंपाकघरातून हाक आली, कानबाईच्या नैवेद्याला रोट लागतात, त्यांचे गहू निवडायचे राहिले होते. अक्का म्हणाली, "तू जाय, मी फिरावस." आणि चांगल्या पायानं खुर्ची ढकलत कापसाच्या खोलीत आली. थोडा वेळ तिनं इमानदारीत दांडा फिरवला असणार. पण कानबाईच्या आधी आमच्याकडे घराचा कोपरा न् कोपरा धुतला जातो, डबे, भांडी, खुंट्या, सगळं. उद्या देवी येणार आणि परसातली खोली अशी. अक्काला ते बघवलं नाही. ती खुर्चीवरून उठली.

आम्ही पोहोचलो तेव्हा खोली आरशासारखी लख्ख होती. जमीन धुतलेली, जाळी झाडलेली, आणि चोवीस अंडी ओल्या फडक्यानं पुसून, एकाच परातीत, एकावर एक नीट रचलेली. फुली नाही, गोल नाही. अक्का दाराशी उभी राहून कौतुकानं म्हणाली, "भाऊ, उद्या कानबाई येस, नि आठे खोलीमा बठ्ठी घाण. आंडा बी धुई टाकात, देख कसा चमकतस!" मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हा माणूस भिंतीवर डोकं आपटणार. पण साडू अंड्यांकडे बघतच नव्हते. ते जमिनीकडे बघत होते. ओल्या फरशीवर अक्काच्या पावलांचे ठसे होते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि उजव्या ठशात प्रत्येक वेळी थोडं लाल होतं.

"उभी राहिलीस? पायावर उभी राहिलीस तू?" ते ओरडले. बहिणीवर आवाज चढवलेला त्यांनी जन्मात पहिल्यांदा. शेजारपाजारचे डोकावले. अक्का आधी दचकली, मग तिनं तोऱ्यात उत्तर दिलं, "जराखं रगत शे, त्याले काय व्हस?" आणि मग त्यांचा चेहरा बघून ती मुकाट्यानं खुर्चीत बसली. साडूंनी परात उचलून बाजूला ठेवली, म्हणाले, "अंडी गेली खड्ड्यात," आणि जमिनीवर बसून पट्टी सोडायला लागले. मी टॉर्च धरला. जखम पुन्हा उघडली होती. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, स्वच्छ करून बांधा, आणि आता मात्र एक पाऊलसुद्धा टाकू देऊ नका, शेवटची संधी समजा. अक्कानं ते ऐकलं. ती भिंतीकडे बघत एवढंच म्हणाली, "आजपावत एक बी साल चुकनं नही."

रविवारी कानबाई बसली. रोट फक्त भाऊबंदांचा, तो बाहेरच्याला देत नाहीत, त्यामुळे साडू म्हणून माझ्या वाट्याला दिवसभर नुसता वास आला आणि शेजाऱ्यांकडची पोळी. सोमवारी सकाळी देवी निघायची वेळ झाली. कुणी म्हणालं, अक्काला बैलगाडीत बसवा. कुणी म्हणालं, रिक्षा बोलवा. अक्का खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली. "मी पायी जासू असं बोलेल शे. गाडीमा बठी ग्यू ते काय चालनू?" तिचंही बरोबर होतं. देवीशी बोललेला शब्द होता. साडूंनी सदरा खोचला, तिच्या खुर्चीपुढे पाठ करून खाली बसले आणि म्हणाले, "पायीच जायचं. चालतो मी. तू फक्त वर बस."

त्या दिवशीची वरात मी विसरणार नाही. पुढे डफ, मग कानबाई, मग बाया गाणी म्हणताहेत, आणि सगळ्यांच्या मागे साठीला टेकलेला हा माणूस, पाठीवर सत्तरीची बहीण, तिचा पट्टी बांधलेला पाय हवेत. अक्का त्यांच्या खांद्यावर बुक्क्या मारतेय, "उतार माले! लोके हसतस!" लोक हसत होतेच. मीही हसत होतो. पण अर्ध्या वाटेवर त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "सर, थोडं मी घेतो." त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. दोन तरणी पोरं पुढे आली, त्यांनाही नाही. नदीच्या उताराला मी मागून त्यांची कंबर धरली, आणि तसेच आम्ही तिघं खाली गेलो. अक्काच्या बुक्क्या केव्हाच थांबल्या होत्या. पाण्याशी पोहोचल्यावर तिनं वरूनच हात जोडले, आणि मग त्याच हातानं भावाच्या मानेवरचा घाम पदरानं पुसला.

अंड्यांचं काय झालं? त्यांनी चोवीसच्या चोवीस उघडून पाहिली. सगळ्यांत लाल जाळी पसरलेली, कुठे दाट, कुठे विरळ, पण फिरलेलं कुठलं नि बसलेलं कुठलं ते एका कानबाईलाच ठाऊक. वहीत त्यांनी लिहिलं, "निष्कर्ष नाही," आणि खाली पुढच्या खेपेची तारीख टाकली. ती खेप लावली, त्यानंतरचीही लावली. फिरलेल्या अंड्यांत बारीक फांद्या जरा गोंधळल्यासारख्या दिसतात, एवढं ते मला खासगीत सांगतात, पण आणखी दहा वेळा बघितल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद देतात.

कानबाईनंतर तीन आठवडे त्यांनी अक्काला जमिनीला पाय लावू दिला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा आम्ही दोघं दाराशी उभे होतो. जखमेच्या तळाला राखेचा रंग असायचा, तिथे एका कडेला बाजरीच्या दाण्याएवढे लाल ठिपके आले होते. डॉक्टर म्हणाले, "धरतंय." साडूंनी खिशातून भिंग काढलं, वाकून पाहिलं, आणि बराच वेळ वर बघेनात. नव्या वाहिन्यांची टोकं असतात म्हणे ती. शेवटी मला हातानं जवळ ओढून म्हणाले, "बघा, साडूभाऊ, बघा," आणि डोळे पुसत भिंग माझ्या हातात दिलं. मला ठिपक्यांतलं काय कळणार, पण मीही रडलो, आता लपवायचं कशाला.

पाय वाचला. पुढच्या दोन कानबायांना अक्का तळव्यात खोलगट केलेली चप्पल घालून, काठी टेकत, स्वतःच्या पायांनी नदीवर गेली. यंदा वैशाखात ती झोपेतच गेली. हृदय थांबलं. मी पोहोचलो तेव्हा तिला बाहेर ठेवली होती आणि साडू पायाशी बसले होते, एका हातानं तिची उरलेली चार बोटं धरून. मी जवळ बसलो. त्यांनी नेहमीसारखं काही समजावलं नाही. म्हणाले, "एक बोट कमी. पण दोन्ही पाय घेऊन गेली, साडूभाऊ." मग तिला उचलली. ऊन रणरणत होतं, वाट लांबची, बाकीचे आळीपाळीनं खांदे बदलत होते. उजवा पुढचा खांदा त्यांनी नदीपर्यंत कुणाला दिला नाही.